जाळी लावायची की नाही, हे ठरवायचं कुणी?

निक वॉलेंडा 2012 च्या जूनमध्ये नायगारावरून तारेवर चालत गेला ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी यूट्यूबवर पाहिलं असेल. साडेपाचशे मीटरच्या आसपास लांब तार, खाली धबधबा, अंगावर येणारे तुषार, आणि हा बाबा अमेरिकेकडून निघून 25 एक मिनिटांत कॅनडात, वर पलीकडे पोचल्यावर इमिग्रेशनवाल्याने चक्क पासपोर्ट मागितला तर त्याने तोही काढून दाखवला. पण व्हिडिओ जरा नीट बघितला तर त्याच्या कंबरेपासून मागे एक दोर तारेवरून सरकत येताना दिसतो. तो दोर त्याला नको होता. त्याचं घराणं सात पिढ्या हेच करतंय, असा दोर बांधून चालायची त्याला सवयच नव्हती, पण कार्यक्रम लाइव्ह दाखवणाऱ्या एबीसी चॅनलने अट घातली की हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सेफ्टीचा पट्टा-दोर, नसेल तर आम्ही दाखवणार नाही, आणि एवढा सगळा पसारा चॅनलच्या पैशाशिवाय उभा राहणार नव्हता, मग घातला बिचाऱ्याने.

पुढच्याच वर्षी, जून 2013 मध्ये, तोच माणूस ग्रँड कॅनियनजवळच्या लिटल कोलोरॅडो नदीच्या दरीवरून चालला. उंची चारशे मीटरच्या वर, वारा जोरात, आणि ह्या वेळी अंगावर काहीच नाही, ना हार्नेस ना खाली जाळी. दाखवणारं चॅनल डिस्कव्हरी. 2014 मध्ये शिकागोत उंच इमारतींमध्ये बांधलेल्या तारेवर, तेही एक टप्पा डोळ्यांवर पट्टी बांधून, तिथेही काही नाही. आणि 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर बहिणीबरोबर चालला तेव्हा परत हार्नेस, कारण शहराची तशी अट होती.

म्हणजे बघा, माणूस तोच, कला तीच, अनुभव उलट दरवर्षी वाढलेला, आणि जीव वाचवणारा दोर असणार की नसणार हे ठरलं कशावरून, तर दाखवतंय कोण आणि शहर कुठलं ह्यावरून. शिकागोचा किस्सा तर अजूनच भारी आहे. इलिनॉय राज्यात कायदा आहे की 20 फुटांपेक्षा उंच हवेतली कसरत असेल तर जाळी पाहिजे. शहरातल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की हा कायदा असल्या टॉपच्या कलाकारांसाठी नाहीये. झालं! म्हणजे कमी अनुभवी माणसाने 20 फुटांवर जाळी लावायची आणि जगप्रसिद्ध माणसाने 600 फुटांवर नाही लावली तरी चालेल. गुरुत्वाकर्षणाला कोण किती फेमस आहे ते कळतं की काय कुणास ठाऊक.

तर प्रश्न असा की असे जिवावरचे खेळ करणाऱ्यांना सेफ्टीची साधनं सक्तीची करावीत का. ह्यावर वाद घालायला बसलं की दोनच बाजू ऐकू येतात, एक म्हणते जीव त्याचा, मर्जी त्याची, तुम्ही कोण सांगणारे, आणि दुसरी म्हणते असले प्रकार बंदच करा. मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. माझं मत थोडक्यात आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा: जे प्रेक्षकाला दिसत नाही ते सगळं कडक सक्तीचं पाहिजे, आणि जे दिसतं, म्हणजे अंगावरचा दोर किंवा खालची जाळी, ते सज्ञान माणसाने स्वतःचा खेळ स्वतःसाठी केला तर त्याच्यावर सोडावं, पण तो नोकरीवर असेल तर सोडू नये.

आता "न दिसणारं" म्हणजे काय ते सांगते.

निकचे पणजोबा कार्ल वॉलेंडा. ह्या घराण्याचा सगळा दबदबा त्यांच्यामुळे. 22 मार्च 1978 ला प्वेर्तो रिकोमध्ये सान हुआन शहरात एका हॉटेलच्या दोन टॉवरमध्ये बांधलेल्या तारेवरून ते चालत होते, वय 73, उंची दहाएक मजले. त्याचं शूटिंग आहे, मन घट्ट करून बघा, नाहीतर नकाच बघू. वारा सुटलेला असतो, हातात ती लांबलचक काठी, आणि मध्यावर आल्यावर तार त्यांच्या पायाखाली आडवी हलायला लागते. ते घाबरून धावत वगैरे नाहीत, अनुभवी माणूस जे करतो तेच करतात, गुडघे वाकवून खाली बसायला बघतात म्हणजे वजन खाली येईल आणि तार हाताने धरता येईल. पण तोपर्यंत झोक गेलेला असतो. लोक म्हणतात वाऱ्याने घात केला. घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. मुख्य तार हलू नये म्हणून तिला जागोजागी बाजूने ताण देणारे दोर बांधतात, ते अनेक ठिकाणी नीट जोडलेलेच नव्हते असं त्यांनी सांगितलं. वारा होताच, पण त्या वाऱ्यात तार एवढी हलायला नको होती.

मला ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हे. त्या दिवशी खाली उभं राहून बघणाऱ्या माणसाला विचारलं असतं की धोका कुठे आहे, तर त्याने बोट त्या म्हाताऱ्या माणसाकडे दाखवलं असतं, त्याच्या पायांकडे, वयाकडे. खरा धोका त्या बाजूच्या दोरांच्या गाठींमध्ये होता. आणि त्या गाठी तपासायची सक्ती केली असती तर कार्लच्या कलेला काय कमीपणा येणार होता? काहीच नाही. तो तसाच बिनजाळीचा चालला असता, लोकांनी तसाच श्वास रोखून धरला असता.

दुसरं उदाहरण अजून साधं आहे, आणि त्यात तर कुणी वाऱ्यालाही दोष देऊ शकत नाही. मे 2014, अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स शहर, रिंगलिंग ब्रदर्स सर्कसचा शो. आठ बायका केसांनी लटकून कसरती करतायत, हो केसांनीच, केसांत कडी गुंफून, आणि वरती त्या सगळ्यांना धरणारी झुंबरासारखी एक मोठी चौकट. ती चौकट अचानक खाली आली. आठही जणी पडल्या, खाली नाचणाऱ्या एका मुलीलाही लागलं, काहींना मणक्याच्या गंभीर दुखापती झाल्या. कारण निघालं एक कॅरॅबिनर.

मी अधूनमधून इनडोअर क्लाइंबिंग वॉलवर जाते त्यामुळे ही वस्तू रोज हाताळलेली नसली तरी ओळखीची आहे. तळहाताएवढी धातूची लांबट कडी, एका बाजूला स्प्रिंगचं छोटं फाटक, त्यातून दोर आत घ्यायचा आणि फाटक लॉक करायचं. तिच्या पाठीवर बारीक अक्षरात आकडे कोरलेले असतात आणि शेजारी छोटे बाण, उभ्या दिशेला बाण आणि 24 वगैरे आकडा, आडव्या दिशेला बाण आणि 7 किंवा 8. ते किलोन्यूटनमध्ये असतं. म्हणजे कडी लांबीच्या दिशेने ओढली तर जेवढं सहन करते त्याच्या साधारण तिसरा हिस्साच ती आडवी ओढल्यावर सहन करते. पहिल्या दिवशी शिकवणारा हेच घोकून घेतो, वजन वर एक, खाली एक, समोरासमोर, बास. तिसरीकडून ओढ लागली की कडीची ताकद किती उरली हे सांगता येत नाही. प्रॉव्हिडन्समध्ये नेमकं हेच झालं होतं, अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने चौकशी करून सांगितलं की कॅरॅबिनर चुकीच्या पद्धतीने लोड केला होता, दोन टोकांऐवजी तीन ठिकाणांहून ओढ होती. कंपनीला दंड किती? 7,000 डॉलर. आणि त्या प्रकारच्या उल्लंघनाला तेव्हा तेवढाच जास्तीत जास्त दंड होता.

मला सांगा ह्यात साहस कुठे आहे? त्या आठ जणींनी मान, केस, तोल ह्यांचा धोका घेतला होता, वर्षानुवर्षं तयारी करून. वरच्या कडीचा धोका त्यांनी घेतला नव्हता, तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. एकच कडी तुटली की आठ माणसं खाली, म्हणजे दुसरी, बॅकअपची वाटच नव्हती. असल्या ठिकाणी "कलाकाराचं स्वातंत्र्य" हा शब्द काढणं म्हणजे मला निव्वळ लबाडी वाटते.

आणि हो, फक्त हार्नेस चढवला की काम झालं असंही नाही. 2013 मध्ये लास वेगासला सर्क द्यु सोले ह्या सर्कस कंपनीच्या शोमध्ये सारा गीयार-गियो ही कलाकार पडून गेली, तिच्या अंगावर हार्नेस होता, तार जोडलेली होती. शोच्या शेवटच्या भागात उभ्या भिंतीवरची लढाई असते, त्यात कलाकार तारेवर झपकन वर खेचले जातात, त्या वेळी ती फार वेगात वर गेली आणि तार पुलीच्या खाचेतून बाहेर निघून कापली गेली असं चौकशीत आलं. ती 90 फुटांहून उंचावरून पडली. साधन होतं, पण त्या साधनाच्या आसपासचा विचार, वेग किती असावा, तार खाचेतून सुटली तर पुढे काय, हा अपुरा पडला. म्हणून "सेफ्टी इक्विपमेंट सक्तीचं करा" एवढं एका ओळीत लिहून कायदा केला तर कंपन्या एक पट्टा चढवतील, फोटो काढतील आणि मोकळ्या होतील.

(ह्याच्या उलटचीही एक गोष्ट आहे. ब्रॅड गोब्राइट हा दोराशिवाय कडे चढण्यासाठी नावाजलेला माणूस. तो 2019 मध्ये मेक्सिकोत जिवानिशी गेला, आणि गेला कसा, तर दोर वापरून खाली उतरताना. दोराच्या टोकाला गाठ मारलेली नव्हती, टोक निसटलं. बिनदोराचा चढणारा दोरावर गेला हे ऐकून सुन्न व्हायला होतं, पण त्यातून "बघा, दोर असूनही मेलाच" असा निष्कर्ष काढणारे महाभाग मला भेटलेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.)

आता येते ती अवघड बाजू, जिथे मी सक्तीच्या विरोधात आहे. ॲलेक्स होनोल्ड. 3 जून 2017 ला योसेमिटीमधला एल कॅपिटान, जवळपास 900 मीटरचा उभा कडा, तो एकटा, दोराशिवाय, चार तासांच्या आत चढून गेला. ह्या माणसाला दोर सक्तीचा करायचा म्हणजे त्याने जे केलं तेच बेकायदा ठरवायचं, कारण त्याच्या करण्याचा अर्थच तो आहे. पण त्याने ते कसं केलं ते पण बघायला पाहिजे ना. वर्षाहून जास्त काळ तोच मार्ग दोर लावून पुन्हापुन्हा चढला, कुठल्या खोबणीत कुठलं बोट, कुठल्या पायाने रेटा, सगळं पाठ. एकदा आधी सुरुवात केली होती आणि मन लागेना म्हणून परत फिरला, कॅमेरे लागलेले असताना परत फिरला, हे मला त्या चढण्यापेक्षाही मोठं वाटतं. शूटिंग करणारे त्याचे मित्रच होते, स्वतः चढाईतले मुरलेले, आणि सगळ्यात अवघड जागी त्यांनी माणूस न ठेवता लांबून चालणारा कॅमेरा ठेवला, म्हणजे त्याचं लक्ष विचलित व्हायला नको. त्या दिवशी त्याला "नाही, आज नको" म्हणता येत होतं. कुणाचं तिकीट विकलेलं नव्हतं, कुठलं चॅनल लाइव्ह नव्हतं.

माझ्या दृष्टीने सगळा फरक इथेच आहे. ऐनवेळी नाही म्हणता येतंय का?

नोकरीवरच्या कलाकाराला ते येत नाही. रात्री दोन शो, आठवड्यात सुट्टी एखादी, आज वर काहीतरी करकरतंय असं वाटलं तरी स्टेजच्या मागे उभं राहून मॅनेजरला "मी नाही जाणार" म्हणायची हिंमत किती जणांत असते, आणि म्हटलं तर पुढच्या सीझनला कॉन्ट्रॅक्ट मिळेल का. अशा माणसाला "तू सज्ञान आहेस, तूच ठरव" म्हणणं सोपं आहे, आणि मालकाच्या फार सोयीचं आहे. तिथे सक्ती पाहिजे आणि ती मालकावर पाहिजे, कलाकारावर नको. बॅकअप, तपासणीच्या सह्या, किती वापरानंतर कडी फेकायची, सगळं. आणि मुख्य म्हणजे शो थांबवायचा अधिकार असलेला एक माणूस, जो तिकिटाच्या पैशातून कमिशन खात नाही.

स्पॉन्सरचं काय, असं कुणी विचारेल. 2014 मध्ये क्लिफ बार ह्या कंपनीने होनोल्ड, डीन पॉटर वगैरे पाच चढाईपटूंची स्पॉन्सरशिप काढून घेतली, म्हणाले की ही रिस्क आता आम्हाला झेपत नाही. तेव्हा बराच आरडाओरडा झाला होता. मला ते ठीक वाटलं. त्यांनी कुणाला चढायला बंदी नाही केली, फक्त ह्या धोक्यातून आम्ही जाहिरात करून घेणार नाही एवढंच म्हणाले. डीन पॉटर पुढच्याच वर्षी मे महिन्यात योसेमिटीत विंगसूट, म्हणजे पंखांसारखा पोशाख, घालून उडी मारताना गेला. कंपनी बरोबर होती असं सिद्ध झालं म्हणून हे सांगत नाहीये, तो स्पॉन्सर असता-नसता तरी उडी मारणारच होता. पण कुणाच्या मृत्यूवर आपलं नाव छापलेलं असावं का हे ठरवायचा हक्क कंपनीलाही आहेच की.

पैशाची दुसरी आणि वाईट बाजू म्हणजे वू योंगनिंग. चीनमधला 26 वर्षांचा मुलगा, उंच इमारतींच्या कडेला लटकून व्हिडिओ करायचा, ना हार्नेस ना मदतीला टीम. नोव्हेंबर 2017 मध्ये चांग्शा शहरात 62 मजली इमारतीच्या गच्चीच्या कडेला लटकून पुलअप्स मारले, वर यायला ताकद उरली नाही, कॅमेरा त्यानेच समोर लावून ठेवला होता. घरच्यांच्या हवाल्याने बातम्यांत आलं की लग्न ठरलं होतं, आईचं आजारपण होतं आणि त्या व्हिडिओचे मोठे पैसे मिळणार होते. त्याच्या आईने लाइव्हस्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर केस केली आणि 2019 मध्ये बीजिंगच्या इंटरनेट कोर्टाने प्लॅटफॉर्मला 30,000 युआन द्यायला लावले. मुख्य जबाबदारी त्याची स्वतःचीच, पण प्लॅटफॉर्मला हे काय चाललंय ते माहीत होतं, त्यातून फायदा होत होता आणि त्यांनी थांबवलं नाही, म्हणून काही वाटा त्यांचाही, असं कोर्टाचं म्हणणं. रक्कम अगदीच किरकोळ आहे हो, पण तत्त्व मला पटलं. "जीव त्याचा, मर्जी त्याची" म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते तेव्हा ते जरा थांबतात. कारण मर्जी म्हणायचं तरी कशाला, लग्न आणि आईचं आजारपण समोर असलेल्या माणसाला पैसे पुढे करून लटक म्हणायचं, आणि मग म्हणायचं त्याने स्वतः निवडलं. इथे मी कायदा करताना त्या मुलाला पकडणार नाही, पैसे देणाऱ्याला आणि दाखवणाऱ्याला पकडीन.

बरं हे वाद काही आजचे नाहीत. 1863 मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन पार्कमध्ये सेलिना पॉवेल नावाची बाई दोरावरून चालताना पडून गेली, ती गरोदर होती, दिवस भरत आलेले. दोर तुटला होता, जुना, कुजका दोर. राणी व्हिक्टोरियापर्यंत गेलं प्रकरण, तिने बर्मिंगहॅमच्या महापौरांना पत्र पाठवून नापसंती कळवली. पण कायदा यायला 1879 उजाडलं आणि तोही फक्त 14 वर्षांखालच्या मुलांना धोकादायक खेळांत उतरवायला बंदी करणारा, मग 1897 मध्ये वय वाढवून मुलांसाठी 16 आणि मुलींसाठी 18 केलं. मुलांचा कायदा योग्यच होता, त्याबद्दल वादच नाही. पण गंमत बघा, जिच्यामुळे गदारोळ झाला ती मुलगी नव्हती, मोठी बाई होती, आणि मेली कशाने तर कुजक्या दोराने. दोर तपासा म्हणणारं त्या दोन्ही कायद्यांत काही नव्हतं. पार्कात जमलेल्या लोकांनी आधी दोर बघितला असता तर? छे, लोक बाईला बघायला आले होते.

आता कलाकारांची बाजू, कारण त्यांचा एक मुद्दा फार ऐकू येतो आणि तो मला अर्धाच पटतो. ते म्हणतात जाळी असली की मन सैल पडतं, माणूस बेफिकीर होतो, खालचं काही नसणं हेच आम्हाला जागं ठेवतं. वॉलेंडा घराण्यात हे जवळजवळ धर्मासारखं होतं. असेल, डोक्यात काय चालतं ते त्यांनाच माहीत. पण 1962 मध्ये डेट्रॉइटला ह्याच घराण्याचा सात जणांचा मनोरा तारेवरून कोसळला, दोघं गेले, एक जण कायमचा अपंग झाला. सगळे पूर्ण जागेच होते की. आणि मनोऱ्यात तर जागं कोण राहणार हा प्रश्नच वेगळा आहे, पुढच्या माणसाचा पाय सरकला तर मागच्या सहा जणांच्या जागरूकतेचं काय लोणचं घालायचं?

ह्याउलट ट्रॅपीझवाले बघा. उडणारे झुलेवाले अगदी सर्रास जाळी लावतात आणि आजवर एकाही प्रेक्षकाने जाळी आहे म्हणून पैसे परत मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 1982 मध्ये मिगेल वास्केसने हवेत चार कोलांट्या घेऊन कॅचरचे हात पकडले, लोकांसमोर, शोमध्ये, जगात पहिल्यांदा. हे जाळीशिवाय झालं असतं का? चार कोलांट्या जमेपर्यंत माणूस किती वेळा चुकतो, ते सगळं चुकणं जाळीत होतं. आणि जाळीत पडणं हेसुद्धा शिकावं लागतं, पाठीवर पडायचं, पायावर किंवा डोक्यावर पडलात तर जाळीतही मान मोडते, शिवाय ती उसळी देऊन बाहेर फेकू शकते. तसंच मोटरसायकलचं, ट्रॅव्हिस पास्त्रानाने 2006 च्या एक्स गेम्स स्पर्धेत डबल बॅकफ्लिप, म्हणजे मोटरसायकलसकट हवेत मागे दोन कोलांट्या, मारली, ती आधी फोमच्या खड्ड्यात पडून पडून घोटवलेली होती. फोमचा खड्डा नसता तर डबल बॅकफ्लिप कुणाच्या स्वप्नातसुद्धा आली नसती. म्हणजे सेफ्टीमुळे कला बोथट होते वगैरे जे म्हणतात ना, झुल्यावर आणि मोटरसायकलवर तरी नेमकं उलट घडलंय, कला पुढे गेली ती त्या खड्ड्यामुळे आणि जाळीमुळेच.

मग तारेवर चालणाऱ्यांनाच जाळी का नको असते? एक कारण तांत्रिक आहे, चारशे मीटरवर जाळी लावून काही उपयोग नाही, आणि मागे सरकणारा दोर कुठे अडकला तर तोच झटका देऊन पाडू शकतो, ही त्यांची तक्रार खोटी नाही. ते तार हाताने धरायची प्रॅक्टिस करतात, त्यांचं सेफ्टीचं साधन त्यांच्या मते ती तारच. पण दुसरं कारण आपण आहोत, बघणारे. पडायची शक्यता विकली जाते, आणि ती आपण विकत घेतो. शिकागोच्या वेळी डिस्कव्हरीने प्रक्षेपण 10 सेकंद उशिरा चालवलं होतं. म्हणजे तो पडलाच तर पडद्यावर दिसायच्या आत कट करता यावं. ह्या 10 सेकंदांचा विचार केला की मला अजूनही कसंतरी होतं. म्हणजे मीटिंग झाली असणार, कुणीतरी विचारलं असणार की पडला तर काय, आणि बटण कुणी दाबायचं हे ठरलं असणार. प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी हार्नेस होता, चालणाऱ्याच्या अंगाला नव्हता. एबीसीने जी अट घातली तिची तेव्हा टिंगल झाली होती, लोक म्हणाले काय मजा राहिली, पण तुलना केली तर मला एबीसी जास्त प्रामाणिक वाटतं. तुम्ही माणसाच्या मरणाची तयारी करून ठेवता, तर तीच तयारी त्याच्या जगण्यासाठी करा ना, किंवा मग लाइव्ह दाखवू नका, तो चालून आल्यावर दाखवा. तसं केलं असतं तर किती लोकांनी बघितलं असतं, ते तुम्हीच सांगा.

त्यामुळे लाइव्ह शो आणि तिकिटाचे शो, ह्यांना मी होनोल्डसारख्या एकट्याच्या चढाईच्या रांगेत बसवत नाही. जाहिराती विकल्यात, वेळ ठरलीये, घड्याळ चालू आहे, अशा वेळी वारा वाढला तर थांबायचं कोण म्हणणार? कार्लच्या वेळीही वारा सगळ्यांना दिसत होता. वाऱ्याची मर्यादा आधी लिहून ठेवा, ताशी अमुक किलोमीटरच्या वर गेला की कार्यक्रम रद्द, आणि ते सांगणारा माणूस चॅनलचा नको, कलाकाराचा भाऊ-मामाही नको. आणि खाली लोक उभे असतील तर त्यांच्यासाठी मोकळी जागा सोडणं सक्तीचं, ह्यात तर चर्चाच नको, ज्याने धोका निवडला नाही त्याच्या डोक्यावर काठी पडायला नको.

एका ठिकाणी मात्र माझा हा सगळा हिशोब अडतो. फेब्रुवारी 2017 मध्ये फ्लोरिडात सारासोटाला निक आणि मंडळी आठ जणांच्या मनोऱ्याची रिहर्सल करत होते, विक्रम करायचा होता. मनोरा कोसळला, पाच जण 25-30 फुटांवरून खाली जमिनीवर, जाळी नाही. त्यात निकची बहीण लिजाना होती, तिच्या चेहऱ्याची बरीच हाडं मोडली. कुणी गेलं नाही हे नशीब. दोन वर्षांनी टाइम्स स्क्वेअरवर निकबरोबर चालली ती हीच. आता लिजानाला मी कुठल्या खान्यात टाकू? ती मालकाच्या घरची, म्हणजे स्वखुशीने, पण भाऊ मनोरा उभा करतोय, घराण्याचं नाव आहे, त्या घरात "मी नाही येत" म्हणणं सर्कसच्या मॅनेजरला नाही म्हणण्यापेक्षा सोपं असेल असं मला वाटत नाही. आणि तिच्याबरोबर जे घराबाहेरचे कलाकार त्या मनोऱ्यात होते ते तर सरळसरळ कामावर आलेले. त्यांच्यासाठी जाळी सक्तीची म्हटली की आपोआप तिच्यासाठीही होते, कारण मनोरा एकच, जाळी अर्ध्या जणांपुरती लावता येत नाही.

शोच्या दिवशी त्यांनी जाळी काढून टाकावी की नाही ह्यावर माझं मत अजून डळमळीत आहे, कमेंटमध्ये भांडा खुशाल. पण ती रिहर्सल होती. तिकीट काढून आलेला एकही माणूस समोर नव्हता, थरार कुणाला दाखवायचा नव्हता, नवीन आणि अवघड गोष्ट जमतेय का तेवढंच बघायचं होतं. रिहर्सलला जाळी सक्तीची करायला मला काहीच अडचण वाटत नाही, वॉलेंडांसाठीसुद्धा.